कम्युनियनच्या रांगेतलं राजकारण : गर्भपात आणि अमेरिकेतले बिशप यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅथलिक असलेले आणि गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे जो बायडन राष्ट्राध्यक्ष होते तेव्हा दर रविवारी मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेला, जायचे. त्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर, द्यावं की नाही, यावर अमेरिकेतल्या बिशपांच्या (धर्मप्रांतांच्या प्रमुखांच्या) बैठका झाल्या, मतदान झालं, व्हॅटिकनहून पत्रं आली. बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रकार चमत्कारिक वाटतो. पण त्याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की आजच्या बातम्या बऱ्याच सरळ वाचता येतात. इथे काही प्रश्नांची उत्तरं दोन ओळींत संपतील, काहींची लांबतील.

भांडण नेमकं कशावरून आहे? गर्भपात पाप आहे की नाही, यावरून?

बिशपांमध्ये तरी त्यावरून वाद नाही. शिकागोचे कार्डिनल ब्लेझ क्यूपिच असोत की सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप साल्वातोरे कोर्डिलिओने, दोघंही गर्भपाताला गंभीर पाप मानतात. वाद पुढचा आहे. ही शिकवण देशाच्या कायद्यात उतरावी म्हणून बिशपने काय काय करावं? पत्रक काढावं, मोर्चात चालावं, सार्वमताच्या प्रचाराला पैसा द्यावा, अमुक उमेदवाराला मत देऊ नका असं सुचवावं, की उलट मत देणाऱ्या कॅथलिक नेत्याला वेदीपाशीच अडवावं? यातलं प्रत्येक पाऊल कोणी ना कोणी उचललेलं आहे आणि प्रत्येकावर दुसऱ्या बिशपाने नापसंती दाखवलेली आहे.

सामान्य श्रद्धावंतांमध्ये मूळ प्रश्नावरही एकमत नाही. त्याकडे पुढे येऊ.

कम्युनियन नाकारणं म्हणजे इतकं काय मोठं?

मिस्सात पवित्र केलेली भाकर ही ख्रिस्ताचं शरीर होते, असं कॅथलिक मानतात. प्रतीक नव्हे, प्रत्यक्ष शरीर. ते घेणं हा श्रद्धावंताच्या आयुष्याचा गाभा आहे. वसईत किंवा बांद्र्यात वाढलेल्या कुठल्याही कॅथलिक माणसाला विचारा. पहिल्या कम्युनियनचा दिवस घरात लग्नासारखा साजरा होतो. सगळ्या गावासमोर एखाद्याला त्या रांगेतून रिकाम्या हाताने परत पाठवणं म्हणजे ‘तू आमच्यातला नाहीस’ असं सांगण्याच्या जवळ जातं. म्हणून ज्यांना ही शिक्षा योग्य वाटते त्यांना ती अत्यंत योग्य वाटते, आणि ज्यांना अयोग्य वाटते त्यांना ती भयंकर वाटते.

चर्चचा नियम काय सांगतो?

सगळी गंमत इथे आहे, कारण नियम दोन आहेत आणि ते शेजारी शेजारी आहेत. १९८३ च्या चर्च कायद्यातलं ९१५ वं कलम म्हणतं की उघड आणि गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्याला कम्युनियन देऊ नये. ९१६ वं कलम म्हणतं की आपल्या हातून गंभीर पाप घडल्याची जाणीव असलेल्याने पापनिवेदन केल्याशिवाय कम्युनियन घेऊ नये. पहिल्यात जबाबदारी देणाऱ्यावर आहे, दुसऱ्यात घेणाऱ्यावर.

कडक बाजू ९१५ वर बोट ठेवते. नेत्याने वर्षानुवर्षं जाहीरपणे मत दिलं, समजावूनही बदललं नाही, मग ‘उघड’, ‘गंभीर’ आणि ‘हट्टाने’ या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. दुसरी बाजू म्हणते, कायद्याच्या मसुद्यावर मत देणं आणि स्वतः पाप करणं यांत अंतर आहे. नेत्याच्या मनात काय चाललंय हे फादरांना रांगेत उभ्या उभ्या कळणार नाही. तेव्हा तो निर्णय ९१६ प्रमाणे त्याच्या विवेकावर सोडावा. दोन्ही बाजूंना चर्च कायद्याचे जाणकार आहेत.

गर्भपाताच्या बाजूने मत देणारा खासदार आपोआप बहिष्कृत होतो, असं ऐकलंय. खरं का?

नाही. आपोआप लागू होणारा धर्मबहिष्कार गर्भपात घडवून आणणाऱ्यासाठी आहे, आणि तोही काही अटींसह. कायदा करणारा त्यात मोडत नाही, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. कम्युनियन न देणं आणि बहिष्कृत करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत दोन्ही सर्रास एकच करून टाकतात.

हे सगळं सुरू कधी झालं?

उलट्या टोकापासून सुरू झालं. १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर जॉन केनेडींना सांगावं लागलं होतं की मी निवडून आलो तर पोप किंवा बिशप मला हुकूम देणार नाहीत. तेव्हा भीती होती ती कॅथलिक नेता बिशपांचं फार ऐकेल याची. चाळीस वर्षांनी तक्रार उलटली. आता तो अजिबात ऐकत नाही, हा आक्षेप.

मधल्या काळात २२ जानेवारी १९७३ चा रो विरुद्ध वेड हा निकाल आला आणि गर्भपाताचा हक्क देशभर मान्य झाला. निकाल देणाऱ्या बहुमतात न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन हे कॅथलिकही होते. १९७५ मध्ये बिशपांनी एक कृती आराखडा मंजूर केला. त्यात शिक्षण होतं, गरोदर स्त्रियांना मदत होती, आणि थेट मतदारसंघ पातळीवर लोक संघटित करण्याची योजनाही होती. १९७६ च्या निवडणुकीत बिशपांचे प्रतिनिधी दोन्ही उमेदवारांना भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले की जिमी कार्टर यांच्याबाबत निराशा झाली, जेराल्ड फोर्ड यांच्याबाबत उमेद वाटली. आम्ही कोणाला पाठिंबा देत नाही, असा खुलासा नंतर करावा लागला. तेव्हापासून बिशप परिषद, म्हणजे देशातल्या बिशपांची संघटना, दर निवडणुकीला हा खुलासा करते आहे.

धर्मगुरू स्वतः निवडणूक लढवू शकतात का?

आता नाही. जेझुइट या धर्मसंघाचे फादर रॉबर्ट ड्रायनन मॅसॅच्युसेट्समधून १९७० मध्ये निवडून आले आणि दहा वर्षं खासदार होते. डेमोक्रॅट, व्हिएतनाम युद्धाचे कडवे विरोधक, आणि गर्भपातासाठी सरकारी निधीच्या बाजूने मत देणारे. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या आदेशामुळे त्यांनी पुन्हा उभं राहायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. १९८३ च्या चर्च कायद्यात धर्मगुरूंनी राजसत्तेची पदं घेऊ नयेत असं स्पष्टच लिहिलं गेलं. बंदी पदावर आहे, बोलण्यावर नाही. खरी ओढाताण याच फटीत आहे.

१९८४ चं नाव वारंवार का येतं?

कारण आज दोन्ही बाजू जे जे मांडतात, ते जवळजवळ सगळं त्या एका वर्षात मांडून झालं. त्यानंतर नावं बदलली, युक्तिवाद फारसे नाहीत.

त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाने जेराल्डिन फेरारो यांना उपाध्यक्षपदासाठी उभं केलं. मोठ्या पक्षाच्या तिकिटावरची ही पहिली स्त्री, न्यूयॉर्कची, कॅथलिक, आणि गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने. न्यूयॉर्कचे नवे आर्चबिशप जॉन ओ’कॉनर जाहीरपणे म्हणाले होते की गर्भपाताला उघड पाठिंबा देणाऱ्या उमेदवाराला कॅथलिक माणूस सद्सद्विवेकाने मत कसं देऊ शकतो, हे मला समजत नाही. पुढे त्यांनी फेरारोंवर चर्चची शिकवण चुकीची सांगितल्याचा आरोप केला.

उत्तर दिलं न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी. १३ सप्टेंबर १९८४ रोजी नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात त्यांनी भाषण केलं. त्याचा सारांश असा : मी चर्चची शिकवण माझ्या घरात पाळतो. पण राज्य सगळ्यांचं आहे. कुठली नैतिक गोष्ट कायदा करून लादावी, हा शिकवणीचा प्रश्न नाही, व्यवहाराच्या तारतम्याचा आहे, आणि समाजात सहमती नसताना केलेली बंदी टिकत नाही. टीकाकारांनी विचारलं की मग तुम्ही फाशीच्या शिक्षेला सहमती नसताना विरोध कसा करता? कुओमो फाशीची विधेयकं रोखत होते आणि मतदारांचा कल फाशीच्या बाजूने होता. हा प्रश्न बोचरा आहे आणि कुओमोंच्या बाजूच्या लोकांनी त्याला पुरेसं उत्तर दिलंय असं मला वाटत नाही. पण त्यांची मूळ मांडणी त्याने कोसळतही नाही. एखादी गोष्ट पाप असणं आणि ती फौजदारी गुन्हा असणं यांत अंतर ठेवण्याची परंपरा चर्चच्याच विचारात जुनी आहे. वेश्याव्यवसायाबद्दल संत थॉमस अक्विनास यांनीसुद्धा ते अंतर ठेवलं होतं.

ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक पानभर जाहिरात आली : गर्भपाताबद्दल श्रद्धावान कॅथलिकांमध्ये एकाहून अधिक मतं आहेत. सह्या करणाऱ्यांत दोन डझन सिस्टर होत्या. व्हॅटिकनने त्यांना मत मागे घ्या नाहीतर धर्मसंघातून काढू, असं बजावलं. बहुतेकींनी काही ना काही तडजोड केली. बार्बरा फेरारो आणि पॅट्रिशिया हसी या दोघींनी शेवटपर्यंत मागे घेतलं नाही आणि १९८८ मध्ये आपला संघ सोडला.

कम्युनियन नाकारल्याने राजकीय परिणाम होतो का?

होतो, पण बहुधा उलटा. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात ल्युसी किलिया राज्य सेनेटची पोटनिवडणूक लढवत होत्या. सॅन दिएगोचे बिशप लिओ माहर यांनी त्यांना कम्युनियन घ्यायला मनाई केली. मतदारसंघ रिपब्लिकन, किलिया डेमोक्रॅट. मनाईची बातमी देशभर झाली आणि डिसेंबरमध्ये किलिया जिंकल्या. या गोष्टीत आणखी एक बाब आहे, ती जास्त बोलकी आहे. त्याच राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, तिथल्या बिशपांनी त्यांना कम्युनियन घ्यायची मोकळीक दिली होती. एकच बाई, एकच श्रद्धा, एकच मत, आणि दोन धर्मप्रांतांत दोन निकाल.

२००४ मध्ये जॉन केरींच्या वेळी काय झालं?

केनेडींनंतर प्रथमच कोणा कॅथलिकाला मोठ्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं होतं आणि तो गर्भपात हक्काचा समर्थक होता. सेंट लुइसचे आर्चबिशप रेमंड बर्क म्हणाले, माझ्या प्रांतात केरींना कम्युनियन मिळणार नाही. वॉशिंग्टनचे कार्डिनल थिओडोर मॅकॅरिक म्हणाले, वेदीपाशी झटापट मला नको.

जूनमध्ये डेन्व्हरला बिशपांची बैठक झाली. त्याआधी व्हॅटिकनच्या श्रद्धा विभागाचे प्रमुख जोसेफ रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी मॅकॅरिक यांना टिपण पाठवलं होतं. त्यात म्हटलं होतं : असा नेता असेल तर फादरांनी आधी त्याला भेटावं, शिकवण समजवावी, कम्युनियनला येऊ नकोस असं सांगावं, तरीही आला तर देऊ नये. मॅकॅरिक यांनी बैठकीत या टिपणाचा गोषवारा सांगितला, पूर्ण मजकूर वाटला नाही. बिशपांनी १८३ विरुद्ध ६ मतांनी ठरवलं की ज्याने त्याने आपल्या प्रांतात निर्णय घ्यावा. जुलैमध्ये टिपणाचा मजकूर इटलीतल्या एका साप्ताहिकाने छापला आणि तो गोषवाऱ्यापेक्षा बराच कडक निघाला. मॅकॅरिक यांनी तो सौम्य करून सांगितला, हा आरोप तेव्हापासून आहे. (हेच मॅकॅरिक २०१९ मध्ये लैंगिक अत्याचारांवरून धर्मगुरुपदावरून काढले गेले. बिशपांच्या नैतिक अधिकाराला अमेरिकेत उतरती कळा लागली ती गर्भपाताच्या वादाने कमी आणि या प्रकरणांनी जास्त.)

टिपणाच्या शेवटी मतदारांसाठी एक ओळ आहे. उमेदवार गर्भपाताला अनुकूल आहे म्हणूनच त्याला मत देणं हे पापात सामील होणं. पण इतर कारणांसाठी मत दिलं आणि ती कारणं तेवढीच वजनदार असली, तर ते चालू शकतं. ‘तेवढीच वजनदार’ म्हणजे किती, यावर कॅथलिक मासिकांनी नंतरच्या वीस वर्षांत अमाप शाई खर्च केली आहे.

केरी हरले. मतदान केंद्रांबाहेरच्या पाहण्यांत कॅथलिकांनी बुश यांना ५२ आणि केरींना ४७ टक्के मतं दिल्याचं दिसलं. त्याचं श्रेय बिशपांना द्यावं की इराक युद्धाच्या काळातल्या वातावरणाला, हे कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही.

‘बिनशिवणीचा झगा’ हा काय प्रकार आहे?

योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा झगा शिवण नसलेला होता असं वर्णन आहे. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नर्डिन यांनी ६ डिसेंबर १९८३ रोजी फोर्डम विद्यापीठात मांडलेल्या विचाराला ही उपमा चिकटली. गर्भपात, अण्वस्त्रं, फाशी, गरिबी हे प्रश्न एकाच धाग्याने विणलेले आहेत. एकावर बोलायचं आणि बाकीच्यांवर गप्प बसायचं, हे बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं. हे प्रश्न सारख्याच वजनाचे आहेत असं ते कधी म्हणाले नाहीत, पण विरोधकांनी आणि काही समर्थकांनीही ते तसंच घेतलं. आज क्यूपिच किंवा वॉशिंग्टनचे कार्डिनल रॉबर्ट मॅकेलरॉय बोलतात ते याच परंपरेतलं. समोरची बाजू म्हणते, यामुळे लाखो गर्भपात हा यादीतला एक मुद्दा होऊन बसतो. बिशप परिषदेने २०१९ पासून आपल्या मतदार मार्गदर्शिकेत गर्भपाताला सर्वांत अग्रक्रमाचा प्रश्न म्हटलंय. मॅकेलरॉय यांनी त्या शब्दरचनेला भर सभेत विरोध केला होता आणि मतदानात ते हरले.

बायडन यांच्या वेळी बिशपांनी नक्की काय ठरवलं?

शपथविधीच्या दिवशी, २० जानेवारी २०२१ रोजी, परिषदेचे अध्यक्ष आर्चबिशप होजे गोमेझ यांनी अभिनंदनाबरोबर गर्भपातावरून इशारा देणारं निवेदन काढलं. क्यूपिच यांनी त्याच दिवशी ते अविचारी असल्याचं जाहीर केलं. बिशपांचं भांडण इतक्या उघड्यावर येणं नवं होतं.

जूनमध्ये कम्युनियनवर एक दस्तऐवज लिहायचा की नाही यावर मतदान झालं : १६८ बाजूने, ५५ विरोधात, ६ तटस्थ. याच्या आधी मे महिन्यात व्हॅटिकनचे कार्डिनल लुइस लादारिया यांनी सबुरीचं पत्र पाठवलं होतं : आधी आपापसात बोला, नेत्यांशी बोला, आणि गर्भपात व दयामरण हेच तेवढे गंभीर विषय आहेत असा समज होऊ देऊ नका. अमेरिकी संसदेतल्या ६० कॅथलिक डेमोक्रॅट सदस्यांनीही कम्युनियनचं हत्यार करू नका असं निवेदन दिलं.

नोव्हेंबरमध्ये दस्तऐवज २२२ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाला. त्यात बायडन यांचं नाव नव्हतं, नेत्यांना अडवण्याचा नियम नव्हता. जवळजवळ सगळ्यांना मान्य झाला तो याचमुळे. मधल्या काळात पोप फ्रान्सिस विमानात पत्रकारांना म्हणाले होते की गर्भपात ही हत्या आहे, पण मी कधी कोणाला कम्युनियन नाकारलेलं नाही, आणि बिशपांनी पाळक व्हावं, राजकारणी होऊ नये. दोन्ही बाजूंनी त्या उत्तरातला आपला आपला अर्धा भाग उचलला.

आणि नॅन्सी पलोसींचं प्रकरण?

२० मे २०२२ रोजी कोर्डिलिओने यांनी जाहीर केलं की सॅन फ्रान्सिस्को प्रांतात पलोसींना, म्हणजे संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या डेमोक्रॅट सभापतींना, कम्युनियन मिळणार नाही. वॉशिंग्टनचे कार्डिनल विल्टन ग्रेगरी यांनी तसा आदेश काढला नाही, त्यामुळे संसदेच्या अधिवेशनात त्यांना अडचण नव्हती. २९ जूनला पलोसी रोममध्ये सेंट पीटर्स बॅसिलिकात पोपच्या उपस्थितीतल्या मिस्सात बसल्या आणि एका फादरांकडून त्यांनी कम्युनियन घेतलं. घरच्या गावी बंदी, रोममध्ये मोकळीक. कोर्डिलिओने यांना मी दांभिक म्हणणार नाही; त्यांनी आधी भेटीची वेळ मागितली होती, पत्रं पाठवली होती, म्हणजे रॅट्झिंगर यांच्या टिपणातला क्रम त्यांनी पाळला. तो क्रम नीट पाळूनही शेवट असा होतो, हे लक्षात घ्यायला हवं.

सिस्टर लोक बिशपांबरोबर असतात ना?

नेहमी नाही. २०१० च्या ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याला बिशप परिषदेने विरोध केला, कारण सरकारी पैसा गर्भपाताला जाईल अशी त्यांना शंका होती. कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेच्या प्रमुख सिस्टर कॅरल कीहान यांनी मसुदा वाचून तसं होणार नाही असं म्हटलं आणि पाठिंबा दिला. सही करताना ओबामांनी वापरलेल्या पेनांपैकी एक त्यांना भेट मिळालं.

त्याच सुमारास फिनिक्समध्ये आणखी अवघड गोष्ट घडली. सेंट जोसेफ रुग्णालयात अकरा आठवड्यांची गरोदर बाई आली. फुप्फुसांतल्या रक्तदाबाच्या विकारामुळे गर्भ ठेवला तर तिचा मृत्यू जवळजवळ नक्की होता. नैतिक समितीने गर्भपाताला मान्यता दिली. त्या समितीत सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड होत्या. बिशप थॉमस ओल्मस्टेड यांनी त्या बहिष्कृत झाल्याचं सांगितलं आणि डिसेंबर २०१० मध्ये रुग्णालयाचा ‘कॅथलिक’ हा दर्जाच काढला. रुग्णालय म्हणालं, आम्ही वाचवता येणारा एकच जीव वाचवला. नेत्यांच्या कम्युनियनवर होणाऱ्या चर्चेत हे प्रकरण फार क्वचित येतं. मला ते त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण इथे बिशपचा निर्णय खाटेवरच्या बाईपर्यंत पोहोचतो.

सामान्य कॅथलिकांचं मत काय?

प्यू संशोधन केंद्राच्या अलीकडच्या पाहण्यांत दहातले सुमारे सहा अमेरिकी कॅथलिक म्हणतात की गर्भपात सर्व किंवा बहुतेक प्रसंगी कायदेशीर असावा. दर आठवड्याला मिस्साला जाणाऱ्यांत चित्र उलटं होतं. मार्च २०२१ मध्ये ६७ टक्के कॅथलिक म्हणाले की बायडन यांना कम्युनियन मिळायला हवं. बिशप यावर म्हणतात की शिकवण मतमोजणीने ठरत नाही. ते बरोबर आहे. पण कायदा मतमोजणीनेच ठरतो, आणि बिशपांना बदलायचा आहे तो कायदा.

२०२२ च्या निकालानंतर बिशप जिंकले, असं म्हणायचं का?

न्यायालयात जिंकले. २४ जून २०२२ च्या डॉब्स निकालाने रो रद्द झाला. तेव्हाच्या नऊ न्यायमूर्तींपैकी सहा कॅथलिक होते. त्यांतल्या सोनिया सोतोमायोर विरोधात गेल्या. पण लगेच ऑगस्टमध्ये कॅन्सस या रिपब्लिकन राज्यात, गर्भपाताच्या हक्काचं संरक्षण काढण्याच्या दुरुस्तीवर सार्वमत झालं. स्थानिक आर्चडायोसिसने, म्हणजे आर्चबिशपच्या प्रांताने, प्रचारात २० लाख डॉलरहून अधिक रक्कम घातली. दुरुस्ती सुमारे ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी पडली. पुढच्या वर्षी ओहायोतही बिशपांची बाजू हरली. प्रश्न न्यायाधीशांकडून मतदारांकडे आला, आणि मतदारांना समजावणं हे बिशपांना न्यायालयीन लढ्यापेक्षा कठीण जातंय.

चर्चने एखाद्या उमेदवाराला मत द्या असं सांगितलं तर करसवलत जाते ना?

१९५४ च्या कायद्याने तशी बंदी आहे, अंमलबजावणी क्वचितच झाली. जुलै २०२५ मध्ये करखात्याने न्यायालयात सांगितलं की आपल्या प्रार्थनास्थळात आपल्याच लोकांना उमेदवाराबद्दल सांगण्यावर ही बंदी लागू होत नाही. दार उघडल्यावर बिशप परिषदेने लगेच सांगितलं : आम्ही उमेदवारांना पाठिंबा देणार नाही.

आयर्लंडमध्येही असंच झालं का?

तिथे वेगळं झालं, आणि त्याच्याशी आपल्याकडचं एक नाव जोडलेलं आहे. बेळगावात आईवडील असलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेच्या रुग्णालयात मृत्यू झाला. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं. त्यांनी गर्भपात मागितला, पण गर्भाचे ठोके चालू असल्याने तो नाकारला गेला. हा कॅथलिक देश आहे, असं त्यांना सांगितलं गेल्याचं चौकशीत पुढे आलं. पुढच्या वर्षी पंतप्रधान एंडा केनी यांनी मर्यादित कायदा आणला. बिशपांच्या दबावाबद्दल ते संसदेत म्हणाले की मी पंतप्रधान आहे आणि कॅथलिक आहे, पण कॅथलिक पंतप्रधान नाही. बॉस्टन कॉलेजने त्यांना पदवीदान समारंभाला बोलावलं तेव्हा बॉस्टनचे कार्डिनल शॉन ओ’मॅली गैरहजर राहिले. २५ मे २०१८ च्या सार्वमतात गर्भपातबंदीची घटनादुरुस्ती ६६.४ टक्के मतांनी रद्द झाली. १९८३ मध्ये ती जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी आली होती.

भारतात असा वाद का दिसत नाही?

कॅथलिक बिशप इथेही गर्भपाताच्या विरोधात आहेत आणि बोलतातही. पण १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला तो लोकसंख्या आणि मातामृत्यूंच्या चर्चेतून. धर्म हा त्या चर्चेचा मुख्य धागा नव्हता. महाराष्ट्रात तर गर्भपाताचं राजकारण म्हणजे मुख्यतः गर्भलिंगनिदानाचं राजकारण. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये इथेच झाला, तो स्त्री संघटनांच्या रेट्यामुळे. गोव्यात आणि वसईत धर्मगुरू राजकारणात बोलतात ते जमीन, पाणी, पर्यावरण, धार्मिक सलोखा यांवर. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची हरित वसई चळवळ आठवा. धर्मगुरूने बोलावं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता, फक्त विचारणारे बिल्डरांच्या बाजूचे होते.

पोप एकदाच निकाल देऊन का टाकत नाहीत?

कारण कम्युनियनचा निर्णय त्या त्या प्रांताच्या बिशपाचा, ही चर्चची जुनी रचना आहे, आणि कुठलाही पोप ती एका देशाच्या निवडणुकीपायी मोडणार नाही. शिकागोत जन्मलेले लिओ चौदावे मे २०२५ मध्ये पोप झाले, तेव्हा अमेरिकी माणूस तरी काही ठरवेल अशी दोन्हीकडे अपेक्षा होती. सप्टेंबरमध्ये परीक्षा आली. क्यूपिच यांनी सेनेटर डिक डर्बिन यांना स्थलांतरितांसाठीच्या कामाबद्दल जीवनगौरव द्यायचं ठरवलं. डर्बिन गर्भपात हक्काचे समर्थक. त्यांच्या घरच्या स्प्रिंगफिल्ड प्रांतात त्यांना २००४ पासून कम्युनियनची मनाई. तिथले बिशप थॉमस पॅप्रॉकी आणि इतर काहींनी जाहीर हरकत घेतली. पत्रकारांनी विचारल्यावर लिओ म्हणाले की सेनेटरचं चाळीस वर्षांचं सगळं काम बघायला हवं. गर्भपाताला विरोध पण फाशीला पाठिंबा असं असेल, तर तो माणूस खऱ्या अर्थाने जीवनाच्या बाजूचा नाही. स्थलांतरितांना अमानुष वागणूक चालते म्हणणाऱ्याबद्दलही त्यांनी तीच शंका बोलून दाखवली.

त्याच दिवशी क्यूपिच यांनी कळवलं की डर्बिन पुरस्कार घेणार नाहीत. नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरला बिशप परिषदेने सरसकट हद्दपारीविरुद्ध निवेदन जवळजवळ एकमताने मंजूर केलं, आणि या वेळी रिपब्लिकन कॅथलिकांनी विचारलं की बिशपांना राजकारणात पडायची गरजच काय. डर्बिन यांच्यावरची स्प्रिंगफिल्डमधली मनाई मात्र पुरस्कार नाकारल्याने उठलेली नाही.